स्क्रीन पुसण्याआधी: लॅपटॉपचा अँटी-ग्लेअर थर कसा जपायचा

गेल्या मे महिन्यात माझी भाची लॅपटॉप घेऊन आली. "मावशी, स्क्रीनवर डाग पडलाय, काही केल्या जात नाही." मी मशीन बंद केलं, खिडकीपाशी नेलं आणि तिरकं धरून पाहिलं. डाग कमानीसारखा होता. उजव्या हाताने फडकं फिरवताना मनगट जसं वळतं, अगदी त्या आकाराचा. तेवढा पट्टा तेलकट चमकत होता, बाकीची स्क्रीन मॅट होती. वर्षभर ती दर रविवारी खिडकीच्या काचा पुसायचा निळा स्प्रे मारून जुन्या ओढणीने स्क्रीन घासत होती. डाग दिसायला लागल्यावर तिने आणखी जोर लावला. तिथे मळ नव्हताच. तिथला, उजेडाची चकाकी कमी करणारा अँटी-ग्लेअर थर झिजला होता आणि दर रविवारी तो पट्टा थोडा थोडा रुंद होत गेला.

मी एका कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमधली मशिन्स सांभाळते. इतक्या वर्षांत नुसत्या धुळीने खराब झालेली एकही स्क्रीन माझ्यासमोर आलेली नाही. पुसून पुसून खराब झालेल्या मात्र कितीतरी आल्या, आणि त्याखालोखाल बॅगेत दाबल्या गेलेल्या. त्यामुळे स्क्रीन चांगली कशी पुसावी यापेक्षा ती कमी कशी पुसावी लागेल, यावर माझा भर आहे. नवा लॅपटॉप घेतला असेल तर पहिल्याच आठवड्यात वाचा. हा थर एकदा गेला की घरी परत चढवता येत नाही.

आधी ओळखा: तुमच्या स्क्रीनवर काय आहे?

लॅपटॉप बंद करा, झाकण उघडं ठेवा आणि असं बसा की ट्यूबलाइट किंवा खिडकी तुमच्या पाठीमागे येईल. आता स्क्रीनमधलं त्या ट्यूबचं प्रतिबिंब बघा.

ट्यूबच्या कडा विरून नुसता पांढुरका, पसरट पट्टा दिसला, तर स्क्रीन मॅट आहे. १५.६ इंची, कॉलेज-ऑफिसच्या साध्या कामासाठीच्या लॅपटॉपमध्ये बहुधा हीच असते. भोवतीची प्लॅस्टिकची चौकट स्क्रीनपेक्षा किंचित वर आलेली असते, ही आणखी एक खूण.

ट्यूब रेखीव दिसते पण मंद, आणि तिला जांभळट किंवा हिरवट-निळसर झाक आहे, तर वर काच आहे आणि काचेवर परावर्तन कमी करणारा लेप आहे. चष्म्याला 'एआर कोटिंग' करून घेतलेल्यांना ही झाक चांगली ओळखीची असेल. मॅकबुकच्या रेटिना स्क्रीन याच जातीच्या.

आणि ट्यूब आरशात दिसावी तशी लख्ख दिसली, तर साधी चकचकीत काच. बरेचसे टचस्क्रीन लॅपटॉप असे असतात. त्यांच्यावर अँटी-ग्लेअर थर नसला तरी बोटांचं तेल चिकटू न देणारा पातळ लेप असू शकतो आणि तोही घासून जातो, त्यामुळे खालच्या बहुतेक सूचना त्यांनाही लागू आहेत.

प्लॅस्टिक आहे की काच हे पाहायला नख टोचू नका. प्रतिबिंबावरून पुरेसं कळतं.

इथेच एक धोक्याची सूचना. नव्या लॅपटॉपवर किंवा बदललेल्या पॅनेलवर वाहतुकीसाठी एक पारदर्शक प्लॅस्टिक लावलेलं असतं. त्याला ओढायला कोपऱ्यात शेपटी असते आणि हलक्या हाताने ते सुटून येतं. शेपटी नसेल, कड नखाने उकरावी लागत असेल, तर थांबा. तुम्ही उकरताय ती स्क्रीनचीच फिल्म आहे. ती उचलली गेली की पॅनेल बदलण्यावाचून इलाज नाही.

हा थर असतो तरी काय

मॅट स्क्रीनमध्ये एलसीडीच्या सगळ्यात वर पोलरायझर नावाची फिल्म असते. तिचा वरचा पापुद्रा सहसा ट्रायॲसिटाइल सेल्युलोज या प्लॅस्टिकचा, त्यावर कडक राळेचा पातळ थर आणि त्या राळेत सिलिकाचे अतिबारीक कण. कणांमुळे पृष्ठभाग डोळ्यांना कळणार नाही इतपत खडबडीत होतो, त्यावर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो आणि ट्यूबचं प्रतिबिंब फुटतं. म्हणजे तो खडबडीतपणा हाच अँटी-ग्लेअर. आपल्याकडे पाट्याला टाकी लावून घ्यायचे ते आठवा. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर काही वाटलं जात नसे, मग टाकीवाली दारावर आली की तिच्याकडून तो पुन्हा खडबडीत करून घ्यायचा. स्क्रीन घासली की तिची टाकी अशीच झिजते. पण स्क्रीनला पुन्हा टाकी लावून देणारं कुणी नाही.

पॅनेलच्या माहितीपत्रकात या थराचा कठीणपणा सहसा '३एच' असा लिहिलेला असतो. ज्यांनी इंजिनियरिंग ड्रॉइंग केलंय त्यांना ही पेन्सिल माहीत आहे. ठरावीक वजनाने ३एच पेन्सिल ओढली तरी ओरखडा उठत नाही, असा त्याचा अर्थ. ऐकायला बरं वाटतं, पण पेन्सिलीतलं शिसं मुळात मऊ असतं. बांधकामाच्या वाळूतल्या गारगोटीचा कठीणपणा, खनिजांसाठी वापरतात त्या मोह्सच्या १ ते १० च्या मापावर, ७ भरतो. खिडकीची साधी काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे वाळूचा एक कण फडक्याखाली आला तर काचेवरही चरा उठू शकतो, राळेच्या थराची तर गोष्टच सोडा. शेजारी इमारत उभी राहत असेल तर ही धूळ तुमच्या टेबलावर रोज येऊन बसते.

काचेवरच्या एआर लेपाचं काम वेगळं आहे. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. लेपाच्या वरच्या आणि खालच्या बाजूने परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना खोडून काढतील अशी त्याची जाडी ठेवलेली असते. एकेरी लेप असेल तर ती साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहाहजारावा भाग. १८८६ साली लॉर्ड रॅले यांच्या लक्षात आलं की जुनी, कळकटलेली काच नव्या काचेपेक्षा जास्त उजेड आरपार सोडते. पुढे १९३५ मध्ये कार्ल झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी असा लेप काचेवर मुद्दाम चढवायची रीत काढली. आज चष्म्यापासून कॅमेऱ्याच्या भिंगापर्यंत सगळीकडे तोच वंश आहे.

एवढ्या पातळ थरावर बोटाचं तेल लागलं की ते खोडाखोडीचं गणित बिघडतं आणि तेवढ्या जागी रंगीत, ठळक ठसा दिसतो. साध्या काचेवर जो ठसा नजरेतही आला नसता, तो इथे डोळ्यांत खुपतो. म्हणून माणूस जास्त पुसतो आणि नुकसान तिथून सुरू होतं.

मॅकबुकने शिकवलेला धडा

जून २०१२ मध्ये रेटिना स्क्रीनचा मॅकबुक प्रो आला. दोन-तीन वर्षांत अनेकांच्या स्क्रीनवर नकाशासारखे डाग दिसू लागले. कुठे की-बोर्डच्या बटणांच्या आकाराचे ठिपके, कुठे कॅमेऱ्याभोवती पोपडे. एआर लेप जागोजागी सुटत होता. २०१५ मध्ये वैतागलेले ग्राहक एकत्र आले, या प्रकाराला 'स्टेनगेट' असं नाव पडलं आणि ॲपलने ठरावीक मॉडेल्सच्या स्क्रीन खरेदीपासून चार वर्षांच्या आत मोफत बदलून दिल्या. त्या मॉडेल्सची मुदत आता कधीच उलटून गेली आहे. जुना मॅकबुक विकत घेत असाल तर तो बंद करून उजेडात तिरका धरून बघा, मगच पैसे द्या.

बटणांच्या आकाराचे ते डाग आपल्या सगळ्यांच्या कामाचे आहेत. झाकण मिटलं की स्क्रीन आणि बटणं यांच्यात अगदी थोडी फट उरते. बॅगेत दाब आला की तीही मिटते. बटणांवर असतं दिवसभराचं बोटांचं तेल, घाम, हाताला लावलेलं क्रीम. ते स्क्रीनवर उमटतं, चालताना घासलं जातं, आणि संध्याकाळी आपण ते पुसायला फडकं घेतो. यावरून मी लॅबमध्ये एक नियम केलाय: स्क्रीनपेक्षा की-बोर्ड जास्त वेळा पुसायचा. बटणं स्वच्छ असतील तर स्क्रीन पुसायची वेळ निम्म्याने कमी येते.

सामान

मायक्रोफायबरची दोन कापडं घ्या, दोन वेगळ्या रंगांची. एक फक्त स्क्रीनला, दुसरं की-बोर्डला. गाडी पुसायची जाड कापडं मिळतात त्यांच्या कडेला टणक शिवण आणि कोपऱ्यात लेबल असतं, ते कापून टाका. कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणारा रबरी फुग्याचा ब्लोअर घ्या. आणि थोडं डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी. बाटलीवरचं नाव नीट वाचून घ्या, कारण त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही असतं. नळाचं पाणी अगदीच नडलं तर चालेल, पण बोअरच्या पाण्यात क्षार असतात. वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात आणि ते काढायला पुन्हा पुसावं लागतं.

जुनी बनियन, पंचा, साडीचा पदर, रुमाल, टिश्यू पेपर यांपैकी काहीही नको. कापूस मऊ लागतो हे खरं, पण घरच्या कपड्यांत साबणाचा अंश, क्षार आणि धूळ बसलेली असते. टिश्यू तर लाकडाच्या लगद्याचा, मॅट थरावर तो खरखरीत पडतो आणि तंतू सोडतो.

मायक्रोफायबर धुताना इतर कपड्यांत टाकू नका. सौम्य साबण, भरपूर पाणी, कपडे मऊ करायचं लिक्विड अजिबात नको, कारण त्याचा तेलकट थर कापडावर राहतो आणि तिथून स्क्रीनवर येतो. गच्चीवर धुळीत वाळत घालू नका. वाळलं की झिपच्या पिशवीत ठेवा. कापड जमिनीवर पडलं तर धुतल्याशिवाय ते स्क्रीनला लावायचं नाही. आमच्या लॅबमध्ये यावर मी वाद घालू देत नाही.

पुसण्याच्या पायऱ्या

१. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, मशीन गार होऊ द्या. बंद स्क्रीनवर डाग नीट दिसतो आणि गरम स्क्रीनवर पाणी पटकन उडून वळ राहतात. हात साबणाने धुवा. सॅनिटायझर लावून लगेच स्क्रीनला हात लावू नका. त्यात अल्कोहोल तर असतंच, शिवाय बऱ्याच सॅनिटायझरमध्ये हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं, त्याचा चिकट ठसा सहज जात नाही.

२. सगळ्यात महत्त्वाची पायरी ही: आधी धूळ उडवा, मग स्पर्श करा. झाकण थोडं पुढे झुकवून धरा म्हणजे उडालेले कण परत स्क्रीनवर बसणार नाहीत. ब्लोअरने वरून खाली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब उडतात. डब्यातली दाबाची हवा वापरत असाल तर डबा उभा आणि लांब धरा. आडवा-उलटा केला की त्यातून अतिथंड द्रव बाहेर पडतो. लोक नेमकी हीच पायरी गाळतात, कारण धूळ फडक्यानेही निघतेच. निघते, पण स्क्रीनवरून फरफटत.

३. डाव्या हाताने झाकणाला मागून आधार द्या. नुसता आधार, दाब नाही. नाहीतर पुसताना झाकण मागे जातं आणि आपण नकळत जोर वाढवतो.

४. कोरडं कापड चार पदरी दुमडा. वरून खाली सरळ रेषेत न्या, उचला, शेजारची रेष घ्या. गोल गोल फिरवू नका. गोल फिरवताना एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा जाणं होतं आणि अडकलेला कण तिथल्या तिथे फिरत राहतो. हाताचं वजन टाकू नका, कापडाचं वजन पुरतं. दोन-तीन रेषा झाल्या की घडी उलटून कोरी बाजू घ्या.

बहुतेक वेळा काम इथेच संपतं. स्वच्छ दिसली की थांबा.

५. ठसा उरलाच तर कापडाचा एक कोपरा डिस्टिल्ड पाण्यात बुडवून घट्ट पिळा. पुन्हा पिळल्यावर थेंब पडता कामा नये. पाणी स्क्रीनवर थेट कधीही शिंपडायचं नाही. ओघळ खालच्या कडेला गेला की चौकटीच्या फटीतून आत शिरतो, आणि पॅनेलच्या जोडण्या बहुधा त्याच कडेला असतात. ओलसर कोपऱ्याने फक्त डागावरून हलकेच जा, लगेच कोरड्या बाजूने टिपून घ्या.

६. पाच-दहा मिनिटं झाकण उघडं ठेवा, मग सुरू करा.

किती वेळा? ब्लोअर आठवड्यातून एकदा मारला तरी हरकत नाही, हवेने काही झिजत नाही. कोरडं कापड महिन्यातून एकदा-दोनदा. ओलं फक्त डाग पडला तर. कामाच्या वेळी नजरेला न खुपणारा एखादा ठसा असेल तर तो असू द्या.

हट्टी डाग

शिंक, चहाचा थेंब, उसाच्या रसाचा शिंतोडा, हळदीचं बोट, होळीचा रंग. वाळलेला डाग घासून काढायचा नसतो, भिजवून काढायचा असतो. पिळलेला ओलसर कोपरा डागावर वीस-तीस सेकंद नुसता टेकवून ठेवा, उचला, टिपा. गरज पडली तर चार वेळा करा. साखरेचे डाग यानेच जातात, धीर मात्र लागतो.

तेलाचा डाग पाण्याने नीट जात नाही. डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करणाऱ्यांच्या स्क्रीनवर फोडणीच्या वाफेचा पातळ तवंग बसतो, धूप-उदबत्तीची काजळी त्यावर चिकटते. इथे आयसोप्रोपिल अल्कोहोलचा प्रश्न येतो. मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या सुरुवातीला, ॲपलने ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने स्क्रीन हलक्या हाताने पुसायला परवानगी दिली. पण एका कंपनीची परवानगी म्हणजे सगळ्यांची नव्हे. काचेवर चालणारी गोष्ट प्लॅस्टिकच्या मॅट थराला चालेलच असं नाही. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते आधी वाचा. परवानगी असेल तर कापडाला किंचित लावून, आधी एखाद्या कोपऱ्यात, एकदाच. पुस्तिकेत उल्लेखच नसेल तर मी मॅट स्क्रीनला अल्कोहोल लावत नाही. पाण्याने पुन्हा पुन्हा टिपत राहते आणि तेलाचा जो काही अंश उरतो तो चालवून घेते.

ॲपलच्या काही महागड्या स्क्रीनना 'नॅनो-टेक्स्चर' काच असते, २०२४ च्या मॅकबुक प्रोपासून ती लॅपटॉपवरही मिळते. तो खडबडीतपणा काचेतच कोरलेला असतो. तिच्यासोबत कंपनीने दिलेलंच कापड वापरा, दुसरं नाही.

आता जे कधीच लावायचं नाही ते. नेलपेंट रिमूव्हर, म्हणजे ॲसिटोन: ते पोलरायझरचं प्लॅस्टिकच खराब करतं. थिनर, पेट्रोल, रॉकेल. काचा पुसायचे स्प्रे, अमोनिया असो वा नसो. व्हिनेगर, लिंबू, खायचा सोडा. आणि टूथपेस्ट. ओरखडा घालवायला टूथपेस्ट लावा हा सल्ला सतत फिरत असतो. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक कठीण पूड घातलेली असते, ती मॅट थर तेवढ्याच इमानाने घासून काढते. ओरखडा दिसेनासा होतो कारण त्याच्या आजूबाजूचा सगळा थर गेलेला असतो. चष्म्याचं लिक्विडही, बाटलीवर स्क्रीनसाठी असं स्पष्ट लिहिलं नसेल तर नको.

मच्छरांचा स्प्रे, परफ्यूम, रूम फ्रेशनर मारताना झाकण मिटा. हे एवढं साधं आहे, तरी रोज राहून जातं.

बोट, झाकण आणि बॅग

"हे बघ, इथे" म्हणत स्क्रीनवर बोट टेकवणं ही आपली राष्ट्रीय सवय आहे. शिकवताना मीही माउसचा बाण फिरवायला स्वतःला लावून घेतलं, तेव्हा कुठे मुलांनी ऐकलं. पेनाचं टोक तर अजिबात नको. झाकण उघडताना कोपऱ्याला धरून अंगठा स्क्रीनवर टेकवू नका, वरच्या चौकटीच्या मध्यावर धरा.

झाकण मिटण्याआधी की-बोर्डवर हात फिरवून बघा. पेन, इअरफोन, टाचणी, चिवड्यातला दाणा, काहीही राहिलेलं असू शकतं. कॅमेऱ्यावर लावायची सरकती झाकणं मिळतात, त्यांनीही घात होतो. २०२० मध्ये ॲपलने सांगितलं की असं झाकण लावायचंच असेल तर ०.१ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साध्या कागदापेक्षा, जाड नको. इतर पातळ लॅपटॉपलाही हाच न्याय लावा. की-बोर्डवरचं सिलिकॉनचं कव्हरही मिटताना काढून ठेवा. स्क्रीन आणि बटणांच्या मध्ये कापड घालून मिटायचा सल्ला मला पटत नाही. जाड कापडाने पॅनेलवर दाब येतो आणि त्यात अडकलेला एक कण दिवसभर घासत राहतो.

बॅगेत चार्जरची वीट लॅपटॉपच्या कप्प्यात कधीच नको. झाकणाची बाजू तुमच्या पाठीकडच्या मऊ गादीला लागेल अशी ठेवा. डबा, पाण्याची बाटली पुढच्या कप्प्यात. संध्याकाळच्या विरार किंवा कर्जत लोकलमध्ये बॅग पुढे घेऊन उभं राहणाऱ्यांनी तर एक टणक पाठीचं स्लीव्ह घ्यावंच. गर्दीचा रेटा थेट झाकणावर येतो, झाकण किंचित वाकतं, बटणं स्क्रीनला टेकतात. रॅकवर ठेवलीत तर तुमच्या बॅगेवर दुसऱ्याची बॅग येणार हे धरून चाला.

चिकटवायचे स्क्रीन गार्ड मॅट स्क्रीनला लावू नका. गोंद त्या खडबडीत थरात बसतो, आणि दोन वर्षांनी गार्ड काढताना तो थर सोबत येण्याची भीती असते. लहान मुलांमुळे काही लावणं भागच असेल तर वरून अडकवायचं फिल्टर घ्या आणि लॅपटॉप मिटताना ते काढा.

उन्हाळा आणि पावसाळा

मॅकबुकसारखा लॅपटॉप बंद ठेवायचा असेल तरी तापमान ४५ अंशांच्या आत असावं, असं त्याच्या माहितीत लिहिलेलं असतं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतच पारा तिथवर जातो, मग उन्हात उभ्या गाडीच्या आत काय होत असेल! काच आणि तिच्यावरचा लेप उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यातून बारीक तडे जातात. एआर कोटिंगचा चष्मा डॅशबोर्डवर विसरलेल्यांनी हे जाळं पाहिलेलं असेल. पावसात बॅग भिजली तर स्क्रीनवरचं पाणी हाताने निपटू नका, कापड टेकवून टिपा. बॅगेत सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या ठेवल्या की पुरे.

डाग की थर गेला? ओळखायचं कसं

आधी स्क्रीन बंद करून आणि मग पूर्ण पांढऱ्या पानावर सुरू करून बघा. बंद असताना दिसतो तो डाग पृष्ठभागावर आहे. फक्त सुरू असताना पांढरा ठिपका दिसत असेल तर तो आतला आहे, दाबामुळे आलेला, आणि पुसण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

पृष्ठभागावरचा असेल तर ओलसर कोपरा एकदा टेकवा. ओलं असेपर्यंत डाग नाहीसा होतो आणि वाळला की जसाच्या तसा परत येतो, असं झालं तर थर गेलाय. पाण्याने खाचा तात्पुरत्या भरल्या होत्या, इतकंच. तिथेच हात थांबवा. पुढचा प्रत्येक फेरा तो भाग वाढवणार आहे.

काचेवरचा एआर लेप अर्धवट सुटला असेल तर काही जण उरलेलाही माउथवॉश लावून घासून काढतात. स्क्रीन एकसारखी होते, पण आरशासारखी चमकते आणि वॉरंटी उरली असेल तर तीही हातची जाऊ शकते. जुन्या, मुदत संपलेल्या मॅकबुकसाठी तो मालकाचा निर्णय. मॅट स्क्रीनवर मात्र हा प्रयोग करू नका, तिथे थराखाली काच नाही, पोलरायझर आहे.

मॅट पॅनेल बदलता येतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, दोन्हीकडे नेहमीच्या मापांची पॅनेल मिळतात. जाण्याआधी जुन्या पॅनेलच्या मागचा मॉडेल नंबर लिहून घ्या किंवा मशीनच सोबत न्या. जोडणी ३० पिनची की ४० पिनची ते पाहावं लागतं. दुकानदाराला "मॅटच हवं" असं आधी सांगा, स्वस्त म्हणून चकचकीत गळ्यात मारलं जाऊ शकतं. काम समोर बसून करून घ्या आणि वरचं वाहतुकीचं प्लॅस्टिक सगळं बसवून झाल्यावरच काढायला सांगा.

भाचीने पॅनेल बदललं नाही. खर्च आत्ता नको म्हणाली, आणि ते बरोबरही होतं. तिचं टेबल खिडकीकडे पाठ करून होतं, ते आम्ही वळवलं, आता उजेड बाजूने येतो. ट्यूबखाली बसायच्या ऐवजी ती डावीकडे टेबललॅम्प लावते. कमानीचा तो पट्टा काम करताना आता तिला फारसा जाणवत नाही. ओढणी मी ठेवून घेतली आणि तिला एक निळं आणि एक पिवळं कापड दिलं. निळं स्क्रीनचं.